सोमलाच्या पाच पुड्या

दोन हजार चोवीस साल. तू अडुसष्ट वर्षांचा, मी शहात्तरचा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या सुमारास तू आपल्या दारापुढच्या ओट्यावर भिंतीला पाठ टेकून बसलास, आणि मग उठला नाहीस.

आज बारावा दिवस, केशवा. तारा म्हणाली, "काका, आपल्या लोकांच्या वार्षिकात बाबांवर दोन शब्द द्या. जन्म कुठला, नोकरी कुठे केली, असे." मी म्हटले, ते तू लिही, तुझ्याजवळ कागद आहेत. मला जे लिहायचे आहे ते निराळे आहे, आणि ते तुलाच सांगायचे आहे, दुसऱ्यांनी वाचले तर वाचू देत.

बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, लिहितो आहे. तुला ती वाचता येत नव्हती. ह्या तमिळ मुलखात वाढून तू तमिळ शिकलास, इंग्रजी शिकलास, घरात मराठी बोललास, पण अक्षर काही तुला लागले नाही. अप्पांनी मला चौथीतून काढून भट्टीपुढे बसवले तेव्हा राखेत काडीने अक्षरे गिरवून घेतली, तेवढी एक गोष्ट तुझ्यापेक्षा मजजवळ जास्त राहिली. साताऱ्याकडच्या सोयऱ्यांचे पत्र आले की तू ते माझ्यापुढे धरायचास. मी मुद्दाम चष्मा शोधत बसायचो. "काय, साहेबांस अक्षर लागत नाही वाटते?" "वाच की अण्णा, मिजास पुरे." ही मिजास मी साठ वर्षे पुरवून पुरवून खाल्ली. आता ऐक.

आपल्या घरी पितळ ओततात. देवळाच्या घंटा, समया, परात. हे तुला नको सांगायला, पण वाचणाऱ्यास हवे. पितळ तापले की त्यातले जस्त जळून वर उडते आणि भट्टीवरच्या पत्र्याला पांढरे, कापसासारखे चिकटते. त्याला आपण फूल म्हणतो. ते खरवडून, धुऊन, खोबरेल तेलात कालवले की घामोळे बसते, चिरलेले भरते, तान्ह्या पोरांच्या जांघेतले लाल चट्टे जातात. आजोबांच्या वेळेपासूनची रीत आहे. आयुधपूजेला भट्टी विझवून हत्यारे देवापुढे मांडायची, विजयादशमीला पुन्हा पेटवायची, आणि त्या पहिल्या ओतीचे फूल पुड्या बांधून शेजारी द्यायचे. बाकीचे लोक आपट्याचे पान देतात, आपण फूल देतो. गल्लीतल्या तमिळ बायका देखील दसरा आला की विचारतात, "अय्या, फूल झाले का?"

आणि तू आणलीस धूळ.

तीस वर्षे तू त्या तांबे गाळणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढलीस. तिथल्या धुरातून जी धूळ धरून ठेवतात त्यात तांबे असते, जस्त असते, शिसे असते, आणि सोमल, तुझ्या इंग्रजीतले आर्सेनिक, जालीम विष. पोती भरभरून ती मागच्या अंगाला पडलेली असत. तू सांगायचास की त्या बाजूला गवत उगवत नाही, आणि तरी जवळच्या गावच्या बायका तिथे गोवऱ्यांसाठी शेण वेचायला येतात. ते तुझ्या डोक्यात राहिले. रिटायर झालास, घरी आलास. माणसाने दुपारी झोपावे, संध्याकाळी मोठ्या देवळाच्या आवारात बसावे. तू कॉलेजवाल्यांच्या मागे लागून एक शेड मिळवलीस आणि त्या धुळीला तेजाबात ढवळत बसलास.

एकदा मला घेऊन गेलास. तोंडाला फडके बांधायला लावलेस, माझ्या मिशांवरून! काचेच्या पिंपात निळे पाणी. तू म्हणालास, तांबे त्या पाण्यात उतरले आहे, आणि सोमलही. मग तू लोखंडाचे क्षार घातलेस, चुना घातलास, ऊन केलेस, आणि तळाला हिरवट करडा गाळ बसायला लागला. "हा सोमल, अण्णा. लोखंडाला बांधून टाकला. आता पाण्यात सुटत नाही, दगड झाला समज." मग राहिलेल्या पाण्यात लोखंडाचे भंगार टाकलेस आणि त्याच्यावर तांबे चढले. लालभडक. मला ते आवडले होते. मी तसे म्हणालो नाही. मी म्हणालो, "भंगार आधीच टाकले असतेस तर दोन दिवस वाचले असते."

तू घाबरून माझा हातच धरलास. "सोमल आत असताना लोखंड टाकायचे नाही कधी. जो वायू निघतो त्याने माणूस जागच्या जागी जातो."

"एवढे ढवळून एवढेसे तांबे? माझ्या मुशीत घटकाभरात काढून देतो."

"तांबे काढणे सोपे आहे रे. उरलेले कुठे ठेवायचे, ते कठीण."

"विस्तवात घातले की उडून जाते. उरायचे काय?"

"जाते कुठे, अण्णा?"

 बस आली म्हणालो आणि चढलो.

हा वाद आपला वर्षभर चालला. जेवताना चालला, ताराच्या पोराच्या मुंजीत चालला. तू कागद दाखवायचास, मी म्हणायचो की मला ज्वाळेचा रंग दिसतो, कागद कशास? अग्नीतून गेले ते शुद्ध, असे अप्पा म्हणत, मीही म्हणत आलो. तू चिडायचास तेव्हा तुझा आवाज आईसारखा व्हायचा, बारीक. मला मजा वाटायची.

आता तुझी चूकही सांगतो, मेलेल्या माणसाला सोडायचे असे माझे नाही. नवरात्रात कॉलेजला सुटी, शेडचे कुलूप बदलायचे होते, म्हणून तू धुळीचे दोन पत्र्याचे डबे घरी आणून ठेवलेस. माझ्या भट्टीच्या खोलीत. "दोनच दिवस, अण्णा. हात लावू नको." जन्मभर मला ओळखतोस, आणि मला सांगतोस हात लावू नको? तिथे आणायला नको होतेस. हे मी तुला त्या संध्याकाळीही ओरडून सांगितले आणि आज हळू सांगतो, दोन्ही वेळा खरेच आहे.

दसऱ्याला तू तिरुवैयारूला गेलास, तुझ्या त्या गाणे शिकवणाऱ्या मित्राकडे. मी भट्टी पेटवली. पितळ ओतायची मूस लाल झाली आणि माझ्या मनात आले, आज दाखवतो साहेबाला. अर्धा डबा धूळ कोळशाच्या भुकटीत मिसळून मुशीत टाकली.

धूर पांढरा आला, भरपूर. लसणीचा वास सुटला. मला वाटले शेजारी फोडणी घातली. असे मी तुला सांगितले. आता खरे सांगतो. शेजारी कुलूप होते, ते लोक पळणीच्या देवाला गेले होते, मला ठाऊक होते. मी दाराबाहेर होऊन उभा राहिलो आणि वास जाईपर्यंत आत गेलो नाही.

आणि फूल. पत्र्यावर इतके फूल मी जन्मात पाहिले नव्हते. पण ते कापसासारखे नव्हते. जड होते, बोटाला रवाळ लागत होते, उन्हाकडे धरले की चमकत होते. साठ वर्षे जो माणूस फूल खरवडतो त्याला हे कळत नाही का? कळले. तू विचारलेस, "अण्णा, निराळे दिसले नाही?" आणि मी तुझ्या डोळ्यांत पाहून म्हणालो, "नाही." हे एक मी तुझ्यापाशी कबूल करायचे राहिले. मला निराळे दिसले होते. पण खाली मुशीच्या तळाशी तांब्याचा चांगला गोळा बसला होता, आणि मला तो तुझ्यापुढे ठेवायचा होता. त्या गोळ्याच्या आनंदात मी फूल नेहमीप्रमाणे धुतले, वाळवले, पुड्या बांधल्या. पाच. चार वाजता हळदीकुंकवाच्या ताटात ठेवून पाच घरी देऊन आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू आलास. मी गोळा तुझ्या हातात दिला. तू गोळ्याकडे पाहिले नाहीस, तू नाक वर करून हवा हुंगलीस. मग डब्याचे झाकण पाहिलेस. मग पत्रा. तुझा चेहरा असा उतरला की मला आधी वाटले तू हरलास म्हणून.

"फूल कुठे आहे?"

"दिले. नेहमीच्या घरी."

"किती?"

"पाच पुड्या. का?"

तू खाली बसलास. भुईवरच. "अण्णा, ते जस्त नाही. सोमल आहे, सगळा; लसणीचा वास त्याचाच. तू म्हणत होतास ना, उडून जातो? हा बघ, तिथे." पत्र्याकडे बोट केलेस. "थंड जागा लागली की बसतो. चेल्लम्माच्या घरीही दिलीस?"

चेल्लम्माच्या घरी दिली होती. तिच्या मुलीचे बाळ दीड महिन्याचे. तिने चार दिवस आधीच सांगून ठेवले होते, "अय्या, ह्या वेळी मला जास्त द्या, पोराच्या मानेवर पुरळ आहे."

"ऊठ. जाऊन परत आण. आत्ता."

मी उठलो नाही, केशवा. काय म्हणालो ते मला पाठ आहे. म्हणालो, "आजोबांच्या वेळेपासून ह्या घरातून औषध गेले आहे. मी जाऊन विष दिले म्हणू? लोक पुन्हा ह्या दारातून काही घेतील का?"

"तुझी अब्रू मोठी की ते पोर?"

"तुझी पुस्तके खरी कशावरून?"

"जीभ लावून बघ मग!" तू ओरडलास. "लाव! इथे उरले आहे पत्र्यावर. लाव जीभ!"

मी लावली नाही. लावली नाही म्हणजे मी मानले, हे तुलाही कळले आणि मलाही. तरी मी जागेवरून हललो नाही. मग तू चपला घातल्यास. ऑक्टोबरचे ऊन, छातीत तुझ्या दोन स्प्रिंगा घातलेल्या, डॉक्टरने जिने चढू नको म्हटलेले. तू निघालास आणि मी बसून राहिलो.

तीन घरे केलीस. एक तिसऱ्या मजल्यावरचे होते. तीन पुड्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणल्यास, कोणीही उघडल्या नव्हत्या. काय सांगितलेस त्यांना मला नंतर कळले: "माझ्या धुळीची भेसळ झाली, चूक माझी." माझे नाव तू घेतले नाहीस. मुरुगेसन शिंप्याच्या दाराला कुलूप होते. चेल्लम्माकडे कोणी नव्हते, पोराला घेऊन देवळात गेले होते.

येऊन ओट्यावर बसलास. घाम नव्हे, पाणी वाहत होते. "दोन राहिल्या. सकाळी तू जा, अण्णा. तूच जा. माझे ऐकतील, पण मी गेल्यावर तुझ्याकडे येऊन विचारतील की खरे का, आणि तू मान हलवशील. तू स्वतः सांगितलेस तरच टाकतील. पाणी दे." मी पाणी आणायला आत गेलो. तांब्या भरला. बाहेर आलो तर तुझी मान कलली होती. रिक्षाने नेले, पण दवाखान्यात त्यांनी डोळ्यांत बत्ती मारून पाहिली आणि बत्ती विझवली.

दुसऱ्या दिवशी ताराची वाट पाहून दुपारी तुला नेले. सगळी गल्ली आली होती. मुरुगेसन आला, त्याने तिरडीचा एक बांबू धरला. चेल्लम्मा ओट्याच्या खाली उभी राहून पदराने डोळे पुसत होती. माझ्यापासून तीन पावलांवर. मी तिला तेव्हाच सांगायचे होते. एक वाक्य होते. माझ्या तोंडात आले आणि तिथेच राहिले. पोरे, बायका, ताराचा नवरा, सगळे बघत होते, आणि मी मनात म्हटले, आता नाही, आता केशवाची वेळ आहे, ह्या वेळी असले काही बोलू नये. किती चांगले कारण सापडले मला! ती म्हणाली, "देवमाणूस होते, अय्या. काल मला शोधत घरी येऊन गेले म्हणे. काय काम होते?"

मी म्हणालो, "काही नाही."

तुझ्या अंगावर लाकडे रचत होते आणि मी हे "काही नाही" ऐकत होतो. अग्नी मी दिला नाही, ताराच्या पोराने दिला. बरे झाले. माझ्या हातातला अग्नी मला नको झाला होता.

घरी येऊन अंघोळ केली. आता सुतक. दहा दिवस दुसऱ्याच्या उंबऱ्यात पाऊल टाकायचे नाही, आपल्या हातचे कोणी घ्यायचे नाही, आपण कोणाचे घ्यायचे नाही. ही गल्ली अजून हे पाळते. आणि तुला सांगतो, मला सुटल्यासारखे झाले. वाटले, दहा दिवस तर जाताच येत नाही, मग बघू. शिस्तीने वागणारा माणूस म्हणून मी भिंतीकडे तोंड करून चटईवर आडवा झालो. तू असतास तर आईच्या आवाजात म्हणाला असतास, "वा अण्णा." तू म्हणालास ते मी ऐकलेच. दोन दिवस होत आले होते. ते पोर रोज दोनदा न्हाऊन निघत असणार, आणि न्हाल्यावर मानेला तेल लावतात.

तुझे माझ्यावर उपकार किती, ते मी कधी मोजले नाही. मला पहिल्यांदा चष्मा तू लावलास. माझ्या पायाचे हाड मोडले तेव्हा रजा काढून एक महिना माझी भट्टी तू सांभाळलीस आणि तीन घंटा बिघडवल्यास, आवाजच निघेना, त्या आपण कोणाला दाखवल्या नाहीत. मला शिकायला मिळाले नाही म्हणून तुझ्यावर राग धरला असे लोकांना वाटते. तसे नाही. राग ह्याचा होता की तू शिकलास तरी मला विचारल्याशिवाय कधी काही केले नाहीस. प्रत्येक प्रयोग दाखवायला न्यायचास. मी हसायचो, आणि पुढच्या वेळी पुन्हा न्यायचास. असा माणूस मला परत कोण मिळणार?

तर त्या सकाळचे. तुला जाळले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी, उजाडल्यावर, मी ताराला उठवले. "तुझ्या बाबांची धुळीची वही कुठे आहे?"

"कशास, काका?"

मी तिला सगळे सांगितले. वासाचे, रव्याचे, पुड्यांचे, जिन्याचे. ती उशीला टेकून ऐकत होती. "बाबा त्यासाठी उन्हात फिरत होते?" मी म्हटले होय. ती उठली, वही आणून माझ्यापुढे ठेवली, हातात दिली नाही. मग म्हणाली, "मी येऊ?" मी नको म्हटले.

मुरुगेसनचे घर आधी लागते. जवळचे म्हणून आधी घेतले असे मी स्वतःला सांगितले. त्याने दार उघडून कपाळाला हात लावला. "अय्या, सुतकात? आणि दसऱ्याचे दिलेले परत मागता? पुढल्या वर्षी पानच द्या मग, फुकट!" मी सांगितले. त्याचे हसू गेले. पुडी देवीच्या तसबिरीमागे न उघडता होती. त्याने ती काठीने पुढे ढकलली.

मग चेल्लम्मा. तिची मुलगी दारात आली, मला पाहून दोन पावले मागे झाली. चेल्लम्मा आतून म्हणाली, "अय्या, आत येऊ नका हो, घरात तान्हे पोर आहे."

"आत येत नाही. ती पुडी लावलीत का?"

"लावली की. काल दोनदा, आज न्हाऊन आत्ता एकदा. आग होते वाटते त्याला, रडते फार. का?"

मी रस्त्यावर उभा राहून, सगळ्या घरांना ऐकू जाईल असे सांगितले. हळू सांगता येत नव्हते, आवाज तसाच निघाला. सोमल आहे. मी केले. केशवाने नाही, मी. पोराला साबणाने धुवा आणि चला. मुलगी किंचाळली. चेल्लम्माने मला जे शब्द दिले ते इथे लिहीत नाही, मला मिळायला हवे होते तेच मिळाले. रिक्षात मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो, मागे पोर रडत होते. थांबले की जास्त भीती वाटायची.

(बाळाचे आधी सांगतो, तू तेवढेच विचारशील. मान सोलवटली होती, आता खपली धरली. दोनदा लघवी तपासली. दूध पिते. आणखी महिनाभर बघायचे म्हणतात. भट्टीची खोली कॉलेजवाल्यांनी बंद केली आहे, पत्रा ते घेऊन गेले.)

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. पोराची मान पाहिली, पुडी चिमट्याने धरली. "कोणी दिले हे?"

चेल्लम्मा माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, "मी."

"नक्की सोमलच? आणखी काय आहे? शिसे? किती?"

सगळ्या दवाखान्याने वळून पाहिले. साठ वर्षे धातूत घालवलेला माणूस मी, अंगावर सुतकाचे ओले धोतर. म्हणालो, "मला माहीत नाही." आणि तुझी वही पुढे केली.

त्यांनी उभ्यानेच पाने उलटली. एका पानावर थांबल्या, बोटाने ओळ धरली, नर्सला काहीतरी भराभर सांगितले, नर्स पळाली. मग वर न पाहता मला विचारले, "इतके स्पष्ट कोणी लिहिले? त्यांना फोन लावून द्या, मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत."

मी म्हणालो, "माझा धाकटा भाऊ. तो फोनवर येणार नाही, अम्मा. पण त्याने लिहिले आहे ते खरे आहे. माझे काही ऐकू नका, त्याचे ऐका."